राखून उचललेलं वजन

बसा. खुर्चीत, सतरंजीवर, नाहीतर जिममधल्या रिकाम्या बेंचवर, कुठंही चालेल. पाठ सरळ असू द्या, ताठ नको. दोन्ही तळवे मांड्यांवर ठेवा आणि पावलं जमिनीला पूर्ण टेकवा. पुढची पंधरा-वीस मिनिटं काहीही उचलायचं नाही.

ज्यांच्या वहीत बारा आठवड्यांचे आकडे लिहून झाले आहेत, त्यांच्यासाठी हे मनन आहे. सोमवारी स्क्वॉट, बुधवारी बेंच, शुक्रवारी डेडलिफ्ट, शनिवारी पुन्हा थोडा बेंच. बाराव्या आठवड्याच्या शेवटी पॉवरलिफ्टिंगची स्पर्धा. तीही रॉ प्रकारातली, म्हणजे आपल्याकडच्या पत्रकांत जिला क्लासिक किंवा अनइक्विप्ड म्हणतात ती. अंग आवळून धरणारा आणि वर येताना उसळी देणारा सूट नाही, बेंचचा शर्ट नाही. कमरेला पट्टा, गुडघ्यांवर निओप्रीनचे स्लीव्ह, मनगटांवर गुंडाळायच्या पट्ट्या, एवढंच. बाकी जे काही वर जाईल ते तुमच्या अंगातलं.

आता कानांकडे लक्ष द्या. कोरेगाव भीमात पूर्ण शांतता मिळत नाही आणि ती शोधायलाही नको. पुणे–नगर रस्त्यावर कंटेनरची रांग असते. सणसवाडीतल्या कंपन्यांच्या बस पाळी सुटलेल्यांना उतरवत वाघोलीकडे जातात. कुणीतरी हॉर्न दाबूनच धरलेला असतो. हे आवाज येऊ द्या, जाऊ द्या. स्पर्धेच्या हॉलमध्ये याहून जास्त गोंगाट असतो: स्पीकर, शिट्ट्या, नावं पुकारणारा माणूस, जमिनीवर आदळणाऱ्या प्लेटा. गोंगाटात स्वतःचा श्वास ऐकण्याचा सराव हा रस्ता तुमच्याकडून रोज करून घेतोय.

त्या श्वासाकडे या. नाकानं आत घ्या. दोन्ही हात कमरेवर ठेवा, अंगठे मागं, बोटं पुढं. श्वास आत जाताना पोट फक्त पुढं येतंय की बाजूंनाही रुंदावतंय, ते हातांना कळू द्या. अंगठ्यांखाली पाठीलाही थोडा दाब जाणवला पाहिजे. जड वजनाखाली मणक्याला हाच दाब आधार देतो. पट्टा त्या दाबाला टेकायला भिंत देतो, स्वतःहून काही उचलत नाही. आत्ता श्वास कोंडून धरू नका. सावकाश सोडा. पुन्हा घ्या.

पावलांपासून वर येत अंगाची पाहणी करा. आठ तास सेफ्टी शूज घालून लाइनवर उभे राहिलेले पाय आहेत का हे? पोटऱ्या जड आहेत? उजव्या गुडघ्याच्या खाली, वाटीच्या टोकाशी काही ठणकतंय? खांद्यांना परवाच्या बेंचची आठवण आहे? वहीतल्या आकड्यांना तुमचा ओव्हरटाइम माहीत नसतो. नाइट करून सकाळी आठला झोपलेल्या माणसाला आणि रात्रभर गाढ झोपलेल्या माणसाला वही एकच वजन सांगते. म्हणून वजनापाशी जाण्याआधी अंग काय सांगतंय ते रोज ऐकून घ्यायचं. लगेच काही ठरवायचं नाही. फक्त ऐकायचं.

आता आजचा आकडा डोळ्यांसमोर आणा.

समजा तुमचा स्क्वॉट 150 किलोचा आहे. एकदाच, सगळा जीव लावून मारलेला. आणि वहीत आज लिहिलंय: 105 किलो, पाच वेळा, पाच सेट. म्हणजे सत्तर टक्के. हा आकडा वाचताना मनात काय उठतं ते पाहा. बहुतेकांच्या मनात पहिली उठते ती घाई. एवढंच? शेजारच्या रॅकवर कुणीतरी 160 लावलंय, चार पोरं भोवती जमली आहेत, एकानं मोबाइल धरलाय. ‘आज मॅक्स काढायचा का?’ हे कुणी तोंडानं विचारलेलं नसतं, तरी तुम्हाला ते ऐकू येतं.

त्या घाईपाशी थोडं थांबा. तिला हाकलू नका आणि तिचं म्हणणं मान्यही करू नका. ती छातीत जाणवते की हातांत? तळव्यांना आत्ताच काहीतरी पकडावंसं वाटतंय का? तसं वाटत असेल तर तळवे मांडीवरच राहू द्या आणि एक लांब श्वास सोडा.

माझं ठाम मत असं आहे की स्पर्धेच्या तयारीत बळ वाढवण्याइतकंच बळ राखायला शिकावं लागतं, आणि हे दुसरं शिक्षण जास्त अवघड आहे. 105 किलोचा पाचवा सेट संपतो तेव्हा अंगात अजून दोन-तीनदा खाली बसून उठण्याची ताकद उरलेली असते. ती उरलेली असतानाच बार रॅकवर ठेवून वहीत खूण करायची, हे आजचं काम. पोरं हसली तरी. मन म्हणालं की आज अंग चांगलं साथ देतंय, तरी. अंग चांगलं साथ देतंय ते आजवर असंच राखून उचलल्यामुळं.

यामागचं कारणही समजून घेऊ, कारण कारण ठाऊक नसेल तर वहीवरचा विश्वास सहाव्या आठवड्यात डळमळतो. हान्स सेल्ये या शास्त्रज्ञानं 1936 साली उंदरांवरच्या प्रयोगांतून मांडलं की ताण आला की शरीर आधी हबकतं, मग त्या ताणाला तोंड द्यायला शिकतं, आणि ताण थांबलाच नाही तर शेवटी खचतं. पुढं प्रशिक्षकांनी व्यायामाचे आराखडे आखले ते याच क्रमावर बोट ठेवून: दुसऱ्या टप्प्यात राहायचं, तिसऱ्यात पाय टाकायचा नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेत थॉमस डीलॉर्म नावाचे लष्करी डॉक्टर जखमी सैनिकांच्या वाळलेल्या मांड्यांसाठी उपाय शोधत होते. त्यांनी दुबळ्या पायांना जड वजनं लावली, आणि वजन थोडं थोडं वाढवत नेलं. पुढं त्यांनी ती रीत नेमकी करून सांगितली: जे वजन जेमतेम दहा वेळा उचलता येतं, त्याचं निम्मं आधी दहा वेळा, मग पाऊण दहा वेळा, मग पूर्ण. पायात बळ येईल तसं ते पूर्ण वजन वाढवायचं. आपल्या वहीतल्या चढत्या आकड्यांचं एक मूळ इस्पितळाच्या खोलीत आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. माणसाला पुन्हा चालता यावं म्हणून ती रीत शोधली गेली.

आणखी एक. सुरुवातीच्या आठवड्यांत जे बळ वाढतं ते बरंचसं मज्जासंस्थेचं असतं. आहेत तेच स्नायू एकत्र कामाला लावायला मेंदू शिकतो. स्नायू त्यानंतर भरतात. स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या कंडरा सगळ्यांत मागं राहतात, कारण त्यांना रक्त कमी मिळतं आणि त्या सावकाश बदलतात. म्हणजे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मेंदू म्हणत असतो ‘वाढव’, स्नायूही हो म्हणत असतात, आणि गुडघ्याखालची कंडरा एकटीच म्हणत असते ‘थांब’. वहीतला हलका आकडा तिच्या बाजूनं बोलतो. आत्ता हात गुडघ्यावर ठेवा, वाटीच्या खाली दोन बोटांवर जो घट्ट दोर लागतो तिथं. तुमचं सगळं वजन आणि बारचं सगळं वजन बाराही आठवडे त्या दोरावरून जाणार आहे. काही क्षण तिथंच लक्ष राहू द्या.

डोळे मिटा आणि भीमेच्या काठानं वर चला, प्रवाहाच्या उलट. पूल मागं पडतो, दोन्ही काठांना ऊस, आणि मग तुळापूर, जिथं भीमा, भामा आणि इंद्रायणी एकमेकींना मिळतात. छत्रपती संभाजी महाराजांच्या स्मृतीनं आपण या घाटावर नमस्कार करतो. त्याच घाटाची त्याआधीची एक गोष्ट सांगतात. आदिलशाहीतल्या मुरार जगदेवाला हत्तीच्या भारंभार दान करायचं होतं, पण हत्ती तोलायचा कसा? शहाजीराजांनी तोड सुचवली. हत्ती नावेत चढवला. नाव जिथवर पाण्यात बुडाली तिथं खूण केली. हत्ती उतरवला आणि नाव पुन्हा त्या खुणेपर्यंत बुडेल इतके दगड तिच्यात भरले. मग ते दगड थोडे थोडे करून साध्या तराजूत तोलले.

ती नाव नजरेसमोर ठेवा. एक दगड आत ठेवला. नाव किंचित खाली गेली, डोळ्यांना कळणारही नाही इतकी. आणखी एक. आणखी एक. दगड उचलणाऱ्याला हत्तीचा विचार करायची गरज नाही. हातातला दगड नीट धरायचा, नीट ठेवायचा.

आता हिशेब करा. 105 किलो, पंचवीस वेळा: 2,625 किलो. असे दोन सोमवार झाले की पाच टनांवर वजन तुमच्या पाठीवरून गेलेलं असतं, एका थोराड नर हत्तीएवढं. आणि त्यातलं एकही वजन न पेलणारं नव्हतं. नावेवरची खूण मात्र आधी करावी लागते. बाराव्या आठवड्याला जो आकडा लिहिलाय ती तुमची खूण. ती आज गाठायची नाही. ती तिथं आहे एवढं माहीत असलं की पुरे.

मधल्या आठवड्यांवर नुसती नजर फिरवू. पाच-पाचचे सेट पहिले तीन आठवडे, सत्तर ते पंचाहत्तर टक्क्यांनी. चौथा आठवडा मुद्दाम हलका. मग तीन-चारचे सेट, ऐंशीच्या पुढं. मग दोनचे आणि एकाचे, नव्वदीच्या आसपास. शेवटचा जड डेडलिफ्ट स्पर्धेच्या दहा-बारा दिवस आधी, स्क्वॉट साधारण आठवडाभर आधी, बेंच त्याहून थोडा जवळ. शेवटच्या आठवड्यात बळ वाढत नाही. थकवा उतरतो, आणि त्याखाली झाकलेलं बळ दिसू लागतं.

आता एक स्क्वॉट मनातल्या मनात मारू. जितका सावकाश जमेल तितका.

बार रॅकवर आहे. त्याच्या मधोमध कोरलेली खरखरीत जाळी शर्टातून पाठीला टोचते. ती खांद्यांच्या खाली, जिथं स्नायूंची कड तयार होते तिथं नीट बसली की टोचणं थांबतं. हातांची पकड दोन्हीकडे सारखी. एक श्वास, आणि बार उचलून उभे राहा. प्लेटा किणकिणतात. एक पाऊल मागं, दुसरं पाऊल मागं, संपलं. तिसरं पाऊल म्हणजे खर्च. गुडघे ताठ. समोर पंच बसलेले आहेत. तुम्ही स्थिर झाल्याशिवाय ते ‘स्क्वॉट’ म्हणणार नाहीत. स्थिर व्हा.

आदेश आला. पोटात श्वास भरा, बाजूंना, पाठीला. खाली जा. मांडीची कमरेजवळची घडी गुडघ्याच्या माथ्याहून खाली गेली पाहिजे. बरोबरीला आली तर नापास. जिममध्ये बरेच जण तिथवर जातच नाहीत आणि मोबाइलच्या पडद्यावर ते कुणाला कळतही नाही. तीन पंचांना कळतं. तळाशी पोचलात. इथं, या तळाशी, मनात थांबा. वास्तवात इथं क्षणाचा अंशही मिळत नाही, म्हणून आत्ता थांबा. टाचा जमिनीवर आहेत का? गुडघे बाहेर आहेत का? भीती कुठं आहे? ती बहुधा इथंच राहते, या खालच्या जागेत. तिला एकदा नीट पाहून घ्या.

आता पाठीनं बार वर ढकलत उठा. मध्ये कुठंतरी वेग मंदावतो. तिथं श्वास सोडू नका. उभे राहिलात. गुडघे ताठ झाले. आणि तरीही बार रॅककडे न्यायचा नाही. ‘रॅक’ ऐकू येईपर्यंत उभंच राहायचं. या एका सेकंदाआधी हललेला माणूस तीन लाल दिवे घेऊन परत येतो, वजन पूर्ण उचललेलं असूनही.

श्वास सोडा. खांदे सैल करा.

बेंचवर हीच गोष्ट छातीवर घडते. बार छातीला टेकतो आणि तिथं निश्चल राहावा लागतो, पंच ‘प्रेस’ म्हणेपर्यंत. डोकं, खांदे, बैठक बेंचला चिकटलेली. पावलं पूर्ण जमिनीवर. ‘बेंच किती मारतोस?’ या प्रश्नाला जिममध्ये जी उत्तरं मिळतात त्यांतली पुष्कळ छातीवरून उसळी घेऊन आलेली असतात. तो थांबा दिला की आकडा उतरतो. मला वाटतं, सगळ्या तयारीत हा थांबा सर्वांत प्रामाणिक शिक्षक आहे. म्हणून पहिल्या आठवड्यापासून, हलक्या वजनालासुद्धा, तो पूर्ण द्या. जेजुरीला दसऱ्यात खंडोबाचा 42 किलोचा खंडा एका हातानं तोलून धरण्याची जी चढाओढ होते, तिथंही घड्याळच ठरवतं. उचलणारे पुष्कळ असतात. धरून राहणाऱ्याची वाहवा होते.

डेडलिफ्टबद्दल फार बोलायला नको. बार जमिनीवर आहे, तुम्ही थकलेले आहात, दिवस संपत आलाय. हातांना खडूची पावडर लावा, बार नडगीजवळ आणा, पाठ बांधा आणि जमीन पायांनी दाबत उभे राहा. ‘डाउन’ म्हणेपर्यंत धरा. सोडून देऊ नका, दोन्ही हात बारवर ठेवूनच खाली न्या.

कोरेगाव भीमात बसून बळाचं मनन करायचं आणि नदीपलीकडच्या जयस्तंभाकडं पाठ करायची, हे मला जमणार नाही. 1 जानेवारी 1818 रोजी शिरूरहून रात्रभर चालून आलेली, हजाराच्या आतली ईस्ट इंडिया कंपनीची तुकडी इथं पेशव्यांच्या कितीतरी मोठ्या फौजेपुढं दिवसभर टिकून राहिली. तीत महार सैनिक मोठ्या संख्येनं होते. पडलेल्यांची नावं स्तंभावर कोरलेली आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1 जानेवारी 1927 रोजी इथं आले होते. आज दर 1 जानेवारीला लाखो माणसं इथं येतात आणि ती नावं पाहून जातात. नगर रस्त्याची वाहतूक तेव्हा वळवलेली असते. ज्यांची वही डिसेंबरात सुरू झाली असेल, त्यांनी तो दिवस विश्रांतीचा धरावा आणि स्तंभापर्यंत चालत जाऊन यावं.

तिथं उभं राहिल्यावर एका प्रश्नासोबत थोडा वेळ राहा: बळ कमवायचा हक्क कुणाला होता? शस्त्र कुणी धरायचं, तालमीत कुणी उतरायचं, हे जन्मावरून ठरवणारा काळ फार जुना नाही. 20 किलोचा बार सगळ्यांना 20 किलोचाच असतो, आणि वजनकाटा किलो वाचतो, जात वाचत नाही. हे समाधान खरं आहे. पण अपुरं आहे, तेही पाहा. जिमची फी, दूध-अंड्यांचा रोजचा खर्च, सुटीचा दिवस, घरातून मिळणारी मोकळीक, हे सगळ्यांना सारखं मिळत नाही. रांजणगाव-सणसवाडीच्या कंपन्यांत कंत्राटावर राबणाऱ्या, मराठवाड्यातून आलेल्या, चौघांत एक खोली वाटून घेणाऱ्या पोराला बारा आठवड्यांचं वेळापत्रक पाळणं म्हणजे काय, याचा विचार करा. तो पोरगा तुम्हीच असाल तर स्वतःला थोडा मान द्या. नसाल तर तुमच्या शेजारच्या रॅकवर तो असेल. त्याला स्पॉट द्या.

आणि जिममध्ये मुली किती दिसतात, तेही आठवून पाहा. आपल्याच जिल्ह्यातल्या वडगाव मावळची हर्षदा गरुड 2022 साली ग्रीसमध्ये झालेल्या ज्युनिअर जागतिक वेटलिफ्टिंग स्पर्धेत 45 किलो गटात उतरली. स्नॅचमध्ये 70 किलो, क्लीन अँड जर्कमध्ये 83, एकूण 153. त्या स्पर्धेत सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय. खेळ वेगळा आहे, तिथं वजन डोक्यावर न्यावं लागतं. पण स्वतःच्या वजनाच्या जवळपास दुप्पट भार डोक्यावर तोलणारी मुलगी मावळात घडते, तर शिरूर तालुक्यातल्या रॅकपाशी मुलींना जागा नसण्याचं काही कारण उरत नाही.

पोटाकडे या. हात पोटावर ठेवा. वजनगट ही स्पर्धेची अट आहे: पुरुषांत 59, 66, 74, 83 आणि पुढं. पहिल्या-दुसऱ्या स्पर्धेसाठी पाणी तोडून, घाम गाळून खालच्या गटात शिरण्याचा खटाटोप करू नका असं मी कळकळीनं सांगेन. वजनं स्पर्धेआधी दोन तास घ्यायला सुरुवात होते; सुकवलेलं अंग तेवढ्यात पुन्हा भरत नाही. भाकरी, उसळ, अंडी, दूध, शेंगदाणे, केळी, आणि झोप. ज्या गटात अंग सहज बसतं त्याच गटात खेळा. बळाला जेवण लागतं, यात लाजण्यासारखं काही नाही.

वाईट दिवसाचाही आत्ताच विचार करून ठेवू, म्हणजे तो आला की अनोळखी वाटणार नाही. सहावा-सातवा आठवडा. वहीत 125 लिहिलंय, तीनचे सेट. वॉर्मअपचे 60 किलोच जड लागतात. 100 वर गुडघे आत येतात. अशा दिवशी मन दोनच वाटा दाखवतं: दात-ओठ खाऊन 125 मारायचे, किंवा बॅग उचलून घरी जायचं. आणखी एक वाट असते. वजन पाच टक्के उतरवा, दोन सेट कमी करा, जेवढे मारता तेवढे नियमाप्रमाणे मारा, आणि वहीत आजचं खरं वजन लिहा. राहिलेलं वजन पुढच्या दिवसाच्या डोक्यावर लादू नका. थकव्याचं जडपण आणि दुखापतीची कळ यांतला फरक अंगाला कळतो. जडपण सगळीकडे पसरलेलं असतं. कळ एका जागी बोट ठेवून दाखवता येते. कळ असेल तर बार खाली ठेवा आणि डॉक्टरकडे जा. ज्यांना रक्तदाबाचा त्रास आहे त्यांनी तर श्वास कोंडून जड उचलण्याआधीच विचारून घ्यावं.

आता स्पर्धेचा दिवस मनात आणा. प्रत्येक प्रकाराला तीन, एकूण नऊ प्रयत्न. नाव पुकारलं जातं, ‘बार लोडेड’ ऐकू येतं, आणि मिनिटभरात सुरुवात करायची असते. पहिलं वजन असं लिहा की जे वाईट झोपेनंतरही तीन वेळा मारता येईल. एकदा प्रयत्न झाला की त्या आकड्याच्या खाली उतरता येत नाही. पहिला प्रयत्न जड लिहिणारा माणूस बहुधा स्वतःला काहीतरी सिद्ध करायला आलेला असतो, आणि तीन पांढऱ्या दिव्यांशिवाय परत जातो. स्पर्धेत शून्यापेक्षा मोठं अपयश दुसरं नाही; ते टाळण्यासाठी बारा आठवडे राखायला शिकलात ते इथं कामाला येतं. दुसरं वजन वहीतल्या चांगल्या दिवसाइतकं. तिसरं वजन वहीत नसतं. ते दुसऱ्याच्या वेगावरून ठरतं, आणि ठरवायला एक मिनिट मिळतं.

सांगलीच्या संकेत सरगरचा 2022 चा बर्मिंगहॅमचा दिवस आठवा. 55 किलो गट, राष्ट्रकुल स्पर्धा. एकूण 248 किलो, आणि सोनं जिंकणाऱ्या मलेशियाच्या खेळाडूचे 249. क्लीन अँड जर्कच्या दुसऱ्या प्रयत्नात संकेतच्या उजव्या कोपराला दुखापत झाली, तरी तो तिसऱ्या प्रयत्नाला बारपाशी आला. एक किलो. आपल्या बारवर दोन्ही बाजूंना चढणाऱ्या सव्वा-सव्वा किलोच्या दोन चकत्यांहूनही कमी. त्याच्या जागी उभे राहून पाहा. तिसऱ्यांदा जायचं की नाही, हे त्या एका मिनिटात कुणीही बाहेरून सांगू शकत नाही, आणि मीही सांगणार नाही. एवढंच म्हणेन की तो निर्णय घ्यायला जे शांत डोकं लागतं ते त्या दिवशी आयत्या वेळी येत नाही. सोमवारच्या पाचव्या सेटनंतर, ताकद उरलेली असताना, बार रॅकवर ठेवताना ते थोडं थोडं घडत असतं.

आता श्वास नेहमीसारखा चालू द्या. बोटं हलवा, मनगटं फिरवा, डोळे उघडा. वही जवळ घ्या आणि आजच्या तारखेपुढं अंगाच्या पाहणीत जे सापडलं ते एका ओळीत लिहा: झोप किती, काय दुखतंय, काय सैल आहे. त्याखाली वॉर्मअप लिहा. रिकामा बार दोन सेट, मग 60, 80, 95. आणि मग 105, पाच वेळा, पाच सेट.